मशीनमधला रस्ता

"सर, मशीन में रस्ता था क्या?"

"नहीं था."

"तो फिर देख क्या रहे थे?"

२०१६ च्या सप्टेंबरातली गोष्ट. सोमवारची सकाळ, शाळेचा व्हरांडा, परिपाठ नुकताच संपलेला. विचारणारे नववीतल्या एका मुलाचे अब्बा होते. ते जुन्नरच्या बाजारात फळांची गाडी लावतात. त्यांचा आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मीही काहीतरी बोललो असतो, धुक्याचं, पावसाचं, नशिबाचं नाव पुढे केलं असतं. पण इतक्या शांतपणे विचारल्यावर तसलं काही सुचत नाही. मी म्हणालो, "गलती मेरी है, भाई." त्यांनी मान हलवली आणि गाडी लावायला निघून गेले.

आदल्या दिवशी आम्ही तीन शिक्षक नववीच्या सतरा मुलांना घेऊन हरिश्चंद्रगडावर गेलो होतो. खिरेश्वरहून तोलारखिंडीतून वर जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं, असा बेत होता. ज्यांनी ही वाट केली आहे त्यांना ती आठवेल. खिंडीतलं वाघाचं शिल्प, मग रेलिंग लावलेला कातळाचा टप्पा, आणि तो चढून गेल्यावर झाडीतून, लहान लहान टेकड्यांवरून जाणारं लांबलचक पठार. माणसं चुकतात ती याच पठारावर. एक टेकडी दुसरीसारखी, एक ओढा दुसऱ्यासारखा.

माझ्या गळ्यात गार्मिनचं ईट्रेक्स २० होतं. पुण्यातल्या एका मित्राकडून जुनं विकत घेतलेलं, मुठीत मावेल एवढं यंत्र. फोन असताना हे कशाला, असं बरेच जण विचारतात. पावसात फोनचा पडदा बोटाला दाद देत नाही आणि बॅटरी दुपारीच मान टाकते. हे यंत्र दोन साध्या पेन्सिल सेलवर पंचवीसेक तास चालतं, सेल ओतूरच्या कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, आणि हातातून दगडावर पडलं तरी रुसत नाही. मी विकत घेताना एवढाच विचार केला होता. आत नकाशा कोणता आहे, हे बघितलंच नव्हतं.

जाताना सगळं सुरळीत झालं. केदारेश्वराच्या गुहेतल्या गार पाण्यात मुलं किंचाळली, चारपैकी शाबूत राहिलेल्या एकुलत्या खांबाला हात लावून आली, डबे संपवले. अडीचच्या सुमारास परत निघालो. तीन वाजता धुकं उतरलं. दहा पावलांवरचं मूल दिसेना. मी यंत्र काढलं. पडद्याच्या मधोमध एक छोटा त्रिकोण, म्हणजे आम्ही. त्याच्याभोवती नुसता फिकट रंग. यंत्रासोबत जो पायाभूत नकाशा येतो त्यात महामार्ग आणि मोठी शहरं असतात. तो सगळ्या जगाचा असतो, त्यात आमचं पठार कुठून येणार!

सकाळी आमची मिनीबस उभी केली ती जागा मी 'गाडी' या नावाने साठवली होती. ती निवडून 'गो' दाबलं. त्रिकोणातून एक गुलाबी रेघ निघाली आणि खाली आकडा आला, २.१ किलोमीटर. ही रेघ सरळ असते. यंत्राला दोनच बिंदू ठाऊक असतात, मध्ये दरी आहे की भिंत याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. हे मला माहीत होतं. वर्गात मी नकाशावाचन शिकवलेलंही आहे. पण मागे सतरा पोरं कुडकुडत उभी असताना पडद्यावर एक ठळक रेघ दिसली की माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. शिवाय ईट्रेक्स २० मध्ये चुंबकीय होकायंत्र नाही. आपण चालत असलो तरच त्याला दिशा कळते. थांबलो, वळलो, की बाण भलतीकडे बघतो. आम्ही दर दोन मिनिटांनी मुलं मोजायला थांबत होतो.

रेघेच्या दिशेने एक ओढा उतरत होता. त्यात उतरलो. पंधरा-वीस मिनिटांनी पुढच्या मुलाचा पाय शेवाळावरून सरकला. तो मटकन खाली बसला, त्याने कारवीची दोन झुडपं धरली, आणि खांद्यावरून निसटलेली त्याची सॅक कातळावरून घसरत धुक्यात गेली. आवाज लगेच आला नाही. आला तो खालून, खूप खालून.

कोणी काही बोललं नाही. मग आमचे पीटीचे सर म्हणाले, "सकाळी आपण आलो त्याची रेघ नसेल का यात?" होती. यंत्र चालू असलं की आपण चाललेली वाट ते ठिपक्याठिपक्याने नोंदवत राहतं. मी नकाशाच्या रिकामपणात एवढा अडकलो होतो की ही रेघ दिसेल इतपत पडदा लहान करून बघितलाच नव्हता. त्या रेघेपर्यंत वर चढून जायला पाऊण तास लागला. पठारावर मोळी घेऊन चाललेले खिरेश्वरचे एक बाबा भेटले. त्यांना ओढ्याचं वर्णन सांगितलं तर म्हणाले, "तिथं सगळेच चुकतात." त्या ओढ्याला त्यांच्याकडे नावही होतं. मगरिबच्या आत आम्ही खिंडीत पोचलो. सतराही मुलं होती. सॅक नव्हती. सॅकमध्ये नवा डबा होता, हे घरी कळलं आणि म्हणून सोमवारी अब्बा आले.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर शोधायला मला पुढचे तीन-चार महिने लागले.

या विषयात शिरलं की आधी गोंधळ होतो, कारण 'नकाशाचं सॉफ्टवेअर' या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी येतात. एक म्हणजे माहिती: कुठे रस्ता, कुठे ओढा, कुठे गाव. दुसरी, ती माहिती यंत्राला कळेल अशा फाइलमध्ये बांधणं. तिसरी, संगणकावरचा प्रोग्रॅम, ज्यात आपण घरी बसून नकाशा बघतो, बिंदू टाकतो, चाललेली वाट उतरवून घेतो. लोक तिसऱ्यावर सगळ्यात जास्त वाद घालतात आणि तिथेच सगळ्यात कमी फरक पडतो. मी गार्मिनचं बेसकॅम्प वापरतो, कारण ते फुकट आहे. लिनक्सवर काम करणारा माझा एक भाचा क्यूमॅपशॅकशिवाय बोलत नाही. तोही फुकट. दोघांतही वाट जीपीएक्स फाइलमध्येच साठवता येते. या वादात एक संध्याकाळसुद्धा घालवू नये.

खरा प्रश्न पहिल्या गोष्टीचा, म्हणजे माहितीचा. माझ्यासमोर तीन पर्याय होते.

पहिला, विकतचा नकाशा. मी एका परिचिताच्या यंत्रात बघितला. पुण्यातल्या गल्ल्या, पेट्रोल पंप, एकेरी रस्ते, सगळं चोख. तो गाडी चालवणाऱ्यांसाठी केलेला आहे आणि त्या कामाला उत्तम आहे. खिरेश्वरला डांबर संपलं की तोही संपला. यात त्याचा काही दोष नाही. पण चार-पाच हजार रुपये मोजून मला माझ्याच तालुक्यात तोच फिकट रंग बघायचा नव्हता.

दुसरा, सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे. ही संस्था १७६७ सालची. हे नकाशे पायी फिरून केलेले आहेत, आणि ते जाणवतं. ५० हजारात एक या प्रमाणावर गाव, वाडी, विहीर, पायवाट, सगळं बारकाईने. बीएड करताना आमच्या कॉलेजात भूगोलाच्या कपाटात एक जुनी शीट होती. तिच्या घड्या कापडाने चिकटवलेल्या होत्या. मी तसल्याच एका शीटचं स्कॅन मिळवलं, तुकडे केले आणि यंत्रात 'कस्टम मॅप' म्हणून टाकले. गार्मिनची हातातली यंत्रं असं चित्र स्वीकारतात, पण तुकडा १०२४ गुणिले १०२४ ठिपक्यांचाच, आणि बहुतेक यंत्रांत असे शंभरच तुकडे. तेवढ्यात गडाचा परिसर बसला. मोठ्या उत्साहाने घराच्या गच्चीवर जाऊन आपली जागा बघितली, तर मी शेजारच्या मोहल्ल्यात उभा! जुन्या शीट एव्हरेस्टच्या गोलाकारावर आखलेल्या आहेत आणि जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर चालतं. आपल्या भागात दोघांत शंभर-एक मीटरचा फरक पडतो. तो दुरुस्त करता येतो, मी केलाही. पण शंभर मीटर म्हणजे काय, हे त्या ओढ्यावर उभं राहिलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. आणि चित्र ते चित्रच. मोठं केलं की फुटतं. त्यात नाव शोधता येत नाही.

पुढे २०१७ मध्ये सर्वे ऑफ इंडियाने आपल्या 'ओपन सीरिज मॅप' मालिकेच्या शीट इंटरनेटवर फुकट उतरवून घ्यायला दिल्या. या डब्ल्यूजीएस-८४ वरच आहेत. मी त्यांची छापील प्रत काढून सोबत ठेवतो, पण यंत्रात नाही.

तिसरा पर्याय ओपनस्ट्रीटमॅप. गंमत म्हणजे याचं आणि आत्ता सांगितलेल्या सरकारी मालिकेचं लघुरूप एकच, ओएसएम. त्यामुळे दुकानात किंवा मित्रांत बोलताना कोणता ओएसएम ते आधी विचारून घ्यावं. हा २००४ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाला. सामान्य माणसांनी, आपापल्या भागाचा, मिळून काढलेला नकाशा. कोणीही त्यात रेघ ओढू शकतो, कोणीही ती खोडू शकतो. शिक्षकाच्या मनात पहिली शंका येते ती अर्थातच: तपासतं कोण? म्हणून मी आधी मला पाठ असलेला भाग उघडला. आमचा मोहल्ला, शिवनेरी, बाजारपेठ, कब्रस्तानामागची बोळ. काही गोष्टी आश्चर्य वाटावं इतक्या नेमक्या होत्या. काही ठिकाणी एखादा रस्ता घरातून आरपार गेलेला. एकंदरीत एखाद्या हुशार पण घाईत असलेल्या मुलाची वही असावी तसा.

ही माहिती यंत्रात न्यायची तर ती गार्मिनच्या फाइलमध्ये बांधावी लागते. एमकेजीमॅप नावाचा फुकट प्रोग्रॅम ते काम करतो. ज्यांना ती खटपट नको त्यांनी ओपनटोपोमॅपची देशवार तयार फाइल घ्यावी, किंवा बीबीबाइकच्या संकेतस्थळावर हवा तेवढा चौकोन आखावा, ईमेल द्यावा, थोड्या वेळाने फाइलचा दुवा येतो. मी जुन्नर, अकोले आणि मुरबाड येतील एवढा चौकोन घेतला. फाइल मेमरी कार्डावरच्या 'गार्मिन' फोल्डरमध्ये टाकायची, एवढंच. एक खबरदारी मात्र लक्षात ठेवावी. यंत्रात एकाहून जास्त नकाशे चालू असले तर एक दुसऱ्याला झाकतो, आणि आपल्याला वाटतं नवी फाइल बिघडली. सेटिंगमध्ये जाऊन जुना बंद करावा. यात माझे दोन दिवस गेले.

नावांचं दुखणं वेगळंच. मी दिवसभर दोन लिप्या शिकवतो, एक डावीकडून जाते, दुसरी उजवीकडून, आणि माझ्या यंत्राला दोन्ही येत नाहीत. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एकाच गावाचं नाव मराठीत, उर्दूत, इंग्रजीत वेगवेगळं नोंदवायची सोय आहे. पण ईट्रेक्सच्या पडद्यावर शेवटी रोमनच उमटतं. फाइल बांधताना इंग्रजी नाव आधी उचल, असं सांगून ठेवावं लागतं. नाहीतर देवनागरीचं जे रोमन होतं ते वाचून आपलंच गाव ओळखू येत नाही.

मग उंचीच्या रेषा. या सुट्या फाइलमध्ये मिळतात, पारदर्शक असतात, मूळ नकाशावर अंथरायच्या. बहुतेकांचं मूळ एकच. फेब्रुवारी २००० मध्ये एन्डेव्हर यानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने पृथ्वीच्या बऱ्याचशा भूभागाची उंची मोजली, ती माहिती. मी त्या अंथरल्या आणि त्या रविवारची नोंदलेली वाट वर ठेवून बघितली. आमची रेघ पठारावरून निघून ओढ्यात वळलेली, आणि तिच्या टोकाशी उंचीच्या रेषा एकमेकींना चिकटून जवळजवळ एक काळी पट्टी झालेली. ती पट्टी त्या दिवशी पडद्यावर असती तर मी गुलाबी रेघेमागे गेलो नसतो. म्हणजे अब्बांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर मिळालं. बघायला काही असायला हवं होतं, आणि ते फुकट मिळत होतं.

उरलेलं अर्धं डिसेंबरात मिळालं. मोळीवाल्या बाबांना घेऊन आम्ही चार मोठी माणसं पुन्हा गेलो. मी त्या मुलाच्या अब्बांनाही विचारलं होतं. वाटलं नव्हतं, पण ते आले, दोन डझन केळी घेऊन. स्वच्छ ऊन होतं. ओढ्यात उतरून त्या जागेपर्यंत गेलो. पाणी आटलेलं, कातळ कोरडा. दोरी सोडून मोजलं. चौदा-पंधरा मीटर, म्हणजे पाच मजली इमारत. आणि माझ्या नव्या नकाशावर, नेमक्या त्या जागी, काहीच नव्हतं. काळी पट्टी तिथून पुढे होती. मोठ्या कड्याची. हा अलीकडचा तुटका टप्पा दोन रेषांच्या मधे हरवला होता. रेषा वीस-वीस मीटरवर असतात. पंधरा मीटरचा कडा त्यांच्यामध्ये सहज मावतो. शिवाय त्या रडारच्या मापात तीस मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळते, त्यामुळे आपल्या सह्याद्रीचे ताशीव कडे त्यात नुसते तीव्र उतार होऊन बसतात.

उर्दू वाचायला शिकणारी मुलं पहिल्या वर्षी याच गोष्टीवर अडतात. आपण जेर-जबर लिहीत नाही. मधले स्वर वाचणाऱ्याने आपल्या मनाने भरायचे असतात, आणि शब्द आधी कानावर पडला असेल तरच ते बरोबर भरले जातात. मी बाबांकडे बघितलं. ते कातळाच्या कडेला बसून बिडी पीत होते. त्यांना दोरीची गरज नव्हती.

तेव्हा माझी निवड तिथे ठरली. ओपनस्ट्रीटमॅपच, पण तो सगळ्यात अचूक आहे म्हणून नव्हे. बाबांना जे माहीत आहे ते लिहायला बाकीच्या दोन्ही नकाशांत मला जागा नव्हती. विकतच्या नकाशातली चूक कंपनीला कळवायची आणि वाट बघायची. जुन्या शीटवर पेनने लिहिलं तर ते माझ्याच कपाटात राहणार. इथे मी त्याच रात्री पठारावरची वाट, आमच्या यंत्राने नोंदवलेली, पायवाट म्हणून काढली. ओढ्याचं नाव बाबांच्या उच्चारानुसार टाकलं. कड्याच्या जागी कडा. इतर नकाशांतून नक्कल करायची नाही, हा तिथला नियम मला आवडला. आपण चाललो असू किंवा आपल्याला खात्रीने ठाऊक असेल तेवढंच लिहायचं. बाबांच्या ओढ्याचं नाव लिहिताना दोनदा फोन करून उच्चार विचारला.

त्या उतरणीवर एक गंमत झाली, ती सांगायची राहून जाते. अस्रची वेळ झाली होती. फळवाले अब्बा म्हणाले, किब्ला कोणीकडे? मी घरीच मक्केचा बिंदू यंत्रात टाकून ठेवला होता. 'गो' दाबलं. साडेतीन हजार किलोमीटरच्या वर अंतर आणि दिशा २८० अंश, म्हणजे पश्चिमेच्या जराशी उत्तरेला. होकायंत्र नसल्यामुळे बाण पक्का करायला मला दहा पावलं चालून यावं लागलं. तीच गुलाबी रेघ होती. अब्बांनी पडद्यात डोकावून बघितलं आणि म्हणाले, "ये वाली लकीर सीधी चलेगी, सर. गाडी वाली नहीं." बाबांना भाषांतर करून सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

आता माझ्या कार्डावर दोनच फाइल असतात, तो चौकोन आणि उंचीच्या रेषा. दर सहलीआधी ताजा चौकोन उतरवून घेतो, कारण मधल्या काळात कोणीतरी काहीतरी भरलेलं असतं. माझ्या त्या वाटेला पुढे कोणी अनोळखी माणसाने एक फाटा जोडला. मी तो चालून बघितला, बरोबर आहे. सकाळची नोंदलेली वाट पडद्यावर ठळक निळ्या रंगात दिसेल असं करून ठेवलं आहे. 'गो' फक्त किब्ल्यासाठी दाबतो. मुलांसोबत जाताना बाबा किंवा त्यांचा मुलगा बरोबर असतो. त्यांना दिवसाचे पैसे देतो आणि सहलीच्या हिशेबात ती ओळ सगळ्यात वर असते. पावसाळ्यात मुलांना नेत नाही.

तो मुलगा आता संगणकाची पदवी घेऊन पुण्यात नोकरी करतो. गेल्या महिन्यात त्याचे अब्बा बाजारात भेटले. डिसेंबरात पुन्हा जातोय म्हटल्यावर सीताफळं तोलता तोलता म्हणाले, खालच्या अंगाने कधी गेलात तर बघा, सर, स्टीलचा डबा होता, गंजला नसेल.